गिटार पेडलसाठी ऑनलाइन सुटे भाग: इंदुरात बसून स्वस्त आणि बिनचूक खरेदी कशी करावी

स्वस्तात गिटारचं पेडल (आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा) बनवायचं म्हणजे प्रत्येक भाग सर्वांत कमी किमतीचा घ्यायचा, असं ठरवून खरेदी केली तर पेडल हमखास महाग पडतं. साध्या ओव्हरड्राइव्हच्या (आवाज किंचित फाडणाऱ्या पेडलच्या) बोर्डवर बसणारे रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड आणि एक आयसी (चिप) यांची किंमत एकूण खर्चात अगदी थोडी असते. खरे पैसे जातात डबा, फूटस्विच, पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर) आणि सॉकेट यांत, आणि त्याहून न दिसणारे जातात कुरिअरमध्ये. म्हणून बोर्डवरचा माल एकदम आणि भरपूर घ्यावा, पायाखाली आणि हाताखाली येणारे भाग चांगले घ्यावेत, आणि पार्सलं कमीत कमी मागवावीत. बाकीचा सगळा लेख हे तीन नियम पाळायचे कसे यावर आहे.

पायरी १: आधी तीन सर्किटं, मग एक यादी

एका पेडलपुरती ऑर्डर म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पुढच्या काही महिन्यांत जी पेडलं बनवायची आहेत त्यांतली निदान तीन सर्किटं निवडा आणि त्यांची एकच यादी करा. सुरुवातीला एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर (नुसता आवाज वाढवणारा), एका ऑप-ॲम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीचा) डिस्टॉर्शन आणि पीटी२३९९ या आयसीवर चालणारा डिले (प्रतिध्वनी देणारा), अशी निवड चांगली, कारण तिन्हींत बरेच भाग सामाईक निघतात.

बूस्टरचं उदाहरण घेऊ. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-१ या सर्किटला लागतात चार रेझिस्टर (४३० के, ४३ के, १० के, ३९० ओहम; के म्हणजे किलोओहम), १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, एक २एन५०८८ ट्रान्झिस्टर आणि १०० के चा एक लॉग पॉट (ज्यात आवाज कानाला समान चढत गेल्यासारखा वाटतो). आता ४३० के आणि ४३ के हे आकडे तयार किटमध्ये सहसा नसतात. त्यांच्यासाठी वेगळी ऑर्डर करू नका. ४७० के आणि ४७ के ची जोडी घ्या. दोघांचं प्रमाण तेच राहतं, त्यामुळे ट्रान्झिस्टरचं बायस (सिग्नल नसतानाचं ठरलेलं व्होल्टेज) हलत नाही. ३९० च्या जागी ४७० ओहम टाकला तर आवाज थोडा कमी वाढतो, इतकंच. यादी करताना प्रत्येक भागासमोर ‘पर्याय चालेल’ किंवा ‘हाच हवा’ असं लिहून ठेवा. अर्ध्याहून जास्त ओळींसमोर ‘चालेल’ येतं, आणि तिथेच बचत होते.

प्रमाणं अशी ठेवा. १ के, ४.७ के, १० के, ४७ के, १०० के, ४७० के आणि १ मेग हे रेझिस्टर प्रत्येकी ५०, बाकीचे प्रत्येकी १०. फिल्म कपॅसिटर १०, २२, ४७ आणि १०० नॅनोफॅरडचे प्रत्येकी १०. इलेक्ट्रोलिटिक १, १०, ४७ आणि १०० मायक्रोफॅरडचे प्रत्येकी ५. आयसी लागतात त्याहून एक जास्त, ट्रान्झिस्टर दीडपट. पॉट मोजून, पण १०० के लॉगचा एक जादा. आयसी बेस विसरू नका: आठ पायांचे बेस स्वस्त असतात आणि आयसी थेट सोल्डर केला की तो बदलताना बोर्डच्या पट्ट्या उखडतात.

पायरी २: काय कुठून

इंदुरात जेल रोड आणि महाराणी रोडवरच्या दुकानांत दुरुस्तीवाल्यांचा माल मिळतो: १एन४१४८ डायोड, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, ४५५८ ऑप-ॲम्प, ७८०५ रेग्युलेटर, इलेक्ट्रोलिटिक, सोल्डर, वायर. चार रुपयांच्या डायोडसाठी ऑनलाइन डिलिव्हरीची वाट पाहू नये. मात्र तिथे बोलताना बाजाराचे शब्द वापरा. गिटारच्या पाव इंची सॉकेटला हा बाजार ‘पी-३८’ म्हणतो आणि ३.५ मिलिमीटरच्या पिनेला ‘ईपी’. ‘गिटार जॅक’ मागितलात तर दुकानदार हेडफोनची पिनही पुढे करील; ‘पी-३८ फिमेल, मोनो, पॅनेलवाला’ म्हटलंत की बरोबर डबी निघते. ऑनलाइन शोधतानाही हेच नाव टाकून पाहा, वेगळा आणि बऱ्याचदा स्वस्त माल समोर येतो.

रेझिस्टर, फिल्म कपॅसिटर, आयसी, पॉट, झिरो पीसीबी (भोकं पाडलेला कोरा बोर्ड) यांसाठी देशातल्याच ऑनलाइन दुकानांवर भर ठेवा. पुण्याचं रोबू, अहमदाबादचं सनरॉम, नवी मुंबईचं एवेल्टा अशी दुकानं माल देशातून पाठवतात, त्यामुळे कस्टमचा प्रश्न येत नाही. किमतीची तुलना करताना एक गोष्ट तपासा: काही ठिकाणी दाखवलेला दर जीएसटी धरून असतो, काही ठिकाणी कार्टमध्ये शेवटी १८ टक्के वर चढतात. तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या रकमेची करा, कुरिअर धरून.

पेडलसाठीच बनलेले भाग, म्हणजे १२५बी आणि १५९०बी मापाचे ॲल्युमिनियमचे डबे, तीन पोलचे फूटस्विच, १६ मिलिमीटरचे लॉग आणि रिव्हर्स लॉग पॉट, परदेशातून स्वस्त दिसतात. थायलंडचं टायडा पेडलवाल्यांत याचसाठी प्रसिद्ध आहे. पण ड्युटी आणि कर मालाची किंमत आणि वाहतूक यांच्या बेरजेवर लागतात, डबा वजनदार असतो, आणि कुरिअर कंपनी केवायसीची कागदपत्रं मागते. एकट्याने एक डबा मागवणं कधीच परवडत नाही. इंदुरातल्या रामबाग, राजेंद्रनगरातले चारजण मिळून दहा डबे, दहा स्विच आणि तीस पॉट मागवत असाल तरच हिशेब करा. पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नका. त्यातून माल अडकतो, सुटत नाही. अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे, त्यामुळे जुन्या लेखांत दिलेले तिथले दुवे पाहून खर्च मांडू नका.

पायरी ३: लिस्टिंग नीट वाचा

चुका सर्वांत जास्त इथे होतात, आणि बहुतेक चुका माल खोटा असल्यामुळे होत नाहीत. खरा माल चुकीचा मागवलेला असतो.

आयसीच्या नंबरामागची अक्षरं सोडू नका. टीएल०७२सीपी हा आठ लांब पायांचा, झिरो पीसीबीवर बसणारा. टीएल०७२सीडीआर हा तोच आयसी, पण नखाएवढा, पृष्ठभागावर सोल्डर करायचा. एनई५५३२पी आणि एनई५५३२डीआर यांतही हाच फरक. स्वस्त दर दिसला की तो बहुधा छोट्या पॅकेजचा असतो.

व्होल्टेज उलटं किंवा दुप्पट करणाऱ्या आयसीत तर एका अक्षरावर पेडल वाचतं किंवा जळतं. साधा आयसीएल७६६० जेमतेम १० व्होल्टपर्यंतचा आहे. ताजी ९ व्होल्टची बॅटरीच साडेनऊ दाखवते आणि साधा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर त्याच्याही वर जातो. ७६६०एस किंवा टीसी१०४४एस १२ व्होल्टपर्यंत चालतो, एलटी१०५४ १५ व्होल्टपर्यंत. शिवाय ‘एस’वाल्यांत पहिला पाय पुरवठ्याला जोडला की आतली वारंवारता १० किलोहर्ट्झवरून कानाच्या पलीकडे जाते. साध्या ७६६० मध्ये ही सोय नाही, आणि मग गिटारमागे बारीक शिट्टी ऐकू येत राहते.

ट्रान्झिस्टरमध्ये बीसी५४७ च्या पुढचं ए, बी, सी म्हणजे गेनचा (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो याचा) गट: ए ११० ते २२०, बी २०० ते ४५०, सी ४२० ते ८००. २एन५०८८ च्या जागी बीसी५४७सी किंवा बीसी५४९सी उत्तम चालतो, पण पाय उलटे असतात. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन५०८८ आणि २एन३९०४ एमिटर, बेस, कलेक्टर. ट्रान्झिस्टर फिरवून बसवला की झालं.

जे२०१ आणि २एन५४५७ हे जेफेट (एका प्रकारचे ट्रान्झिस्टर) लांब पायांच्या पॅकेजमध्ये बनवणं बड्या कंपन्यांनी थांबवलं आहे. आज कुठे ‘नवा’ जे२०१ स्वस्तात दिसला तर त्यावर पैसे लावू नका. छोट्या पॅकेजमधला एमएमबीएफजे२०१ आणि त्यासोबत एक ॲडॅप्टर बोर्ड घ्या, किंवा दुसरं सर्किट निवडा.

कपॅसिटरला एकच किंमत तीन नावांनी लिहिलेली असते: १०४, ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड हे सगळे एकच. ४७३ म्हणजे ४७ नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १०. शोधताना कोड टाका. मग माप पाहा: पायांमधलं अंतर ५ मिलिमीटर आणि व्होल्टेज ६३ किंवा १०० असलेला बॉक्स फिल्म हवा. पंख्यासाठी किंवा मेनसाठी असलेले २७५, ४०० आणि ६३० व्होल्टचे कपॅसिटर विजेच्या दृष्टीने चालतात, पण तेवढा मोठा कपॅसिटर १५९०बी डब्यात फार जागा अडवतो. मल्टिलेयर सिरॅमिक पुरवठ्याजवळ ठेवा, आवाजाच्या वाटेत नको. तिथे फिल्म, आणि पिकोफॅरडच्या घरात एनपी० सिरॅमिक. इलेक्ट्रोलिटिक २५ व्होल्टचे घ्या. १० व्होल्टचा काही पैशांनी स्वस्त असतो आणि ९ व्होल्टच्या पेडलमध्ये तेवढी किमान फट पुरत नाही.

पॉटबद्दल जरा थांबू. ‘पोटेंशिओमीटर १०० के’ शोधलं की समोर येतात ते बहुतेक डब्ल्यूएच१४८ प्रकारचे लिनियर पॉट. अंगावर बी१०० के छापलेलं असतं: बी म्हणजे लिनियर, ए म्हणजे लॉग, सी म्हणजे रिव्हर्स लॉग. व्हॉल्यूमला लिनियर लावला की पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज येतो आणि पुढे नॉब फिरवून काही होत नाही. लॉग मिळालाच नाही तर १०० के लिनियरच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १५ के लावा; नॉब मध्यावर असताना सिग्नल सुमारे एक पंचमांश राहतो, लॉगच्या जवळ. पण पूर्ण उघडल्यावर या जोडीचा भार १३ के होतो. ऑप-ॲम्पच्या आउटपुटला त्याने फरक पडत नाही, मात्र वरच्या बूस्टरसारख्या १० के आउटपुटच्या सर्किटात सिग्नल सुमारे ४० टक्क्यांनी घटतो. तिथे खरा लॉगच हवा. रिव्हर्स लॉगच्या जागी लॉग पॉट बाहेरचे पाय अदलाबदल करून लावता येतो. नॉब उलट दिशेने चालतो, बाकी सगळं ठीक.

फूटस्विच नऊ पायांचा, तीन पोलचा, दाबला की त्याच स्थितीत राहणारा हवा. ‘मोमेंटरी’ लिहिलेला, सोडला की परत येणारा, घेऊ नका. सहा पायांच्या स्विचवर दिवा आणि बायपास (पेडल बंद असताना सिग्नल सरळ पुढे जाणं) दोन्ही सरळ जमत नाही. आमच्या मते पेडलमध्ये जिथे पैसे वाचवूच नयेत अशी ही एकमेव जागा आहे, कारण रोज बुटाखाली येणारा भाग हाच.

डीसी सॉकेट २.१ मिलिमीटरचं, प्लॅस्टिकचं, बाहेरून नट असलेलं घ्या. गिटार पेडलमध्ये मधली पिन ऋण असते आणि घरातले राउटर, सीसीटीव्हीचे अडॅप्टर बहुधा मध्ये धन असलेले असतात. धातूच्या बॉडीचं सॉकेट डब्याला, म्हणजे ग्राउंडला टेकतं, आणि त्याची बॉडी आतून धन असल्याने थेट शॉर्ट होतो. उलटं अडॅप्टर कुणीतरी कधीतरी लावणारच. त्यासाठी प्रत्येक पेडलमागे एक १एन५८१७ डायोड यादीत धरा.

बोर्डबद्दल: ‘झिरो पीसीबी’ म्हणून येतो तो बहुतेक सुट्या ठिपक्यांचा. सर्किट पट्ट्यांच्या बोर्डसाठी आखलेलं असेल तर ‘स्ट्रिप’ किंवा ‘व्हेरोबोर्ड’ असं लिहिलेलाच घ्या आणि फोटोत तांब्याच्या सलग पट्ट्या दिसतात का बघा. तपकिरी फिनोलिकपेक्षा हिरवा ग्लास इपॉक्सी थोडा महाग, पण दोनदा सोल्डर काढला तरी ठिपके सुटत नाहीत.

डबा परवडत नसेल तर महाराणी रोडवर ॲल्युमिनियमचा छोटा जंक्शन बॉक्स विचारून पाहा. प्लॅस्टिकच्या डब्यात ट्यूबलाइटची गुणगुण शिरते. घ्यायचाच असेल तर आतून फॉइल चिकटवून ते ग्राउंडला जोडा.

पायरी ४: ऑर्डर देताना

दोन दुकानांच्या कार्ट एकाच वेळी भरा आणि कुरिअर धरून बेरीज पाहा. बऱ्याचदा एक भाग दुसरीकडे दीडपट महाग असूनही एकाच ठिकाणाहून सगळं घेतलेलं स्वस्त पडतं. ‘स्टॉक’चा आकडा पाहा. एक आयसी येईपर्यंत अख्खं पार्सल थांबवून ठेवणारे विक्रेते असतात. रेझिस्टरचं किट घेताना किमतींची यादी वाचा. ६०० नगांच्या किटमध्ये ३० किमती प्रत्येकी २० असतात, आणि त्यांत १ मेग किंवा ४७० के नसेल तर पेडलवाल्याला ते किट अर्धवटच.

पायरी ५: पार्सल आल्यावर

पार्सल उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या, आतल्या चिठ्ठीपासून शेवटच्या पाकिटापर्यंत. कमी नग आल्याची तक्रार त्याशिवाय टिकत नाही. मग मल्टिमीटर घेऊन बसा. परताव्याची मुदत संपायच्या आत सगळं मोजून झालं पाहिजे. पेडल बनवायला घेऊ तेव्हा बघू म्हणालात तर मुदत गेलेली असते.

निळ्या मेटल फिल्म रेझिस्टरवर पाच पट्टे असतात आणि तपकिरी, लाल, नारिंगी रात्रीच्या दिव्यात सारखे दिसतात. प्रत्येक पाकिटातला एक मोजा. पॉट मध्यावर ठेवून बाहेरचा एक पाय आणि मधला पाय मोजा: लिनियर असेल तर निम्मा आकडा, लॉग असेल तर एका बाजूने साधारण दहावा ते सातवा हिस्सा. स्विचच्या चपट्या पात्या आडव्या धरल्या की उभी रांग म्हणजे एक पोल. मधला पाय एकदा वरच्याशी, दाबल्यावर खालच्याशी जुळायला हवा. वीस-तीस वेळा दाबून तिन्ही रांगा तपासा. सोल्डर करताना एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका, आतलं प्लॅस्टिक वितळून संपर्क कायमचा बिघडतो.

ऑप-ॲम्प खरा की नाव बदललेला, हे ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या बोर्डवर) कळतं. पाय ४ ग्राउंडला. पाय ८ मल्टिमीटरच्या मिलिअँप रेंजमधून ९ व्होल्टला. १ आणि २ एकमेकांना, ६ आणि ७ एकमेकांना जोडा. दोन १० के रेझिस्टरनी ९ व्होल्टचं अर्धं करा आणि तो मधला बिंदू पाय ३ आणि ५ ला द्या. ही रेझिस्टरची जोडी मीटरच्या अलीकडे, थेट पुरवठ्याला लावा, नाहीतर तिचा ०.४५ मिलिअँप आकड्यात मिसळतो. आता मीटर वाचा. एलएम३५८ अर्ध्या ते एक मिलिअँपच्या आसपास, टीएल०७२ आणि ४५५८ साधारण अडीच-तीन, एनई५५३२ सात-आठच्या घरात. टीएल०७२ म्हणून आलेला आयसी एक मिलिअँपही घेत नसेल तर आत दुसरंच काही आहे.

टीएल०७२ आणि ४५५८ यांत फरक करायला आणखी एक पाऊल. मधल्या बिंदूपासून पाय ३ पर्यंतची तार काढून तिथे १० मेगचा रेझिस्टर लावा आणि पाय १ वरचं व्होल्टेज बघा. टीएल०७२ च्या इनपुटला जेफेट आहे, तो जवळपास करंट घेत नाही, म्हणून आउटपुट साडेचारवरच राहतं. ४५५८ मध्ये तेच काही दशांशापासून व्होल्टभर सरकतं. डिस्टॉर्शनमध्ये हा फरक कानाला फारसा जाणवणार नाही, पण १ मेगवर बायस केलेल्या इनपुटला जाणवतो.

जर्मेनियमचा वेगळा विचार

जुन्या पद्धतीच्या फझसाठी (आवाज खरखरीत फाडणाऱ्या पेडलसाठी) एसी१२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर लागतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवले होते आणि जुन्या रेडिओंत ते अजून सापडतात. ऑनलाइन घेताना ‘जोडी मोजून दिली आहे’ या शब्दांवर जाऊ नका, स्वतः मोजा, कारण त्यांतून करंट गळतो आणि साधा टेस्टर ती गळतीही गेनमध्ये धरतो.

एसी१२८ सारख्या पीएनपी प्रकारच्या ट्रान्झिस्टरसाठी मोजायची मांडणी अशी: एमिटर ९ व्होल्टच्या धनाला, कलेक्टर २.२ के आणि २७० ओहम एकापुढे एक लावून ऋणाला. बेस मोकळा ठेवा आणि त्या २.४७ के वरचं व्होल्टेज वाचा. मग बेसपासून ऋणाला २.२ मेग लावून पुन्हा वाचा. दुसऱ्यातून पहिलं वजा करून १०० ने गुणलं की खरा गेन. समजा आधी ०.३० आणि मग १.१५ आलं: गेन ८५, गळती ०.१२ मिलिअँप. वजा केलं नसतं तर ११५ वाटला असता. फझ फेस पद्धतीच्या सर्किटला पहिला ट्रान्झिस्टर ७० ते ८० आणि दुसरा १०० ते १३० च्या दरम्यान चांगला बसतो. गळती ०.२ मिलिअँपच्या वर गेलेले बाजूला काढा.

ट्रान्झिस्टर बोटांत धरला की त्या उबेनेही आकडा चढतो, म्हणून लावल्यावर एक-दोन मिनिटं थांबून वाचा. दर १० अंशांनी गळती साधारण दुप्पट होते. इंदुरात जानेवारीच्या सकाळी १० अंशांना मोजलेला ट्रान्झिस्टर मेच्या ४० अंशांच्या दुपारी आठपट गळतो, आणि थंडीत उत्तम वाजलेलं फझ उन्हाळ्यातल्या कार्यक्रमात घुसमटतं. शक्य असेल तर निवड उन्हाळ्यातच करा. थंडीत करावी लागली तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ठरावीक रेझिस्टरऐवजी १० के चा ट्रिमपॉट (बोर्डवरचा छोटा पॉट) बसवा आणि त्या कलेक्टरला साधारण साडेचार व्होल्ट येतील असा लावा. मे महिन्यात डबा उघडून तो पुन्हा जुळवायचा. मोजलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा आणि वर गेन, गळती आणि मोजताना खोलीचं तापमान लिहा.